पराजयाची नोंद कोणाच्या नावावर? : अटलांटा ब्रेव्हज संघाची तरुण पिचरांवर आधारलेली पुनर्बांधणी (१९८५–१९९५)

सारांश

अमेरिकेतील अटलांटा ब्रेव्हज हा बेसबॉल संघ १९८५ ते १९९० या सहा हंगामांत सातत्याने पराभूत होत होता. १९९१ मध्ये तोच संघ आपल्या विभागात शेवटच्या स्थानावरून पहिल्या स्थानावर आला आणि १९९५ मध्ये वर्ल्ड सिरीजचा विजेता ठरला. या परिवर्तनाच्या केंद्रस्थानी टॉम ग्लॅव्हिन, जॉन स्मोल्ट्झ व स्टीव्ह एव्हरी हे तीन तरुण पिचर होते. प्रस्तुत शोधनिबंधात या पुनर्बांधणीची कारणमीमांसा केली आहे. केवळ गुणी तरुणांची निवड झाल्यामुळे हे यश मिळाले नाही. तरुणांच्या नावावर नोंदले जाणारे पराजय हे वस्तुतः संस्थेचे पराजय आहेत, हे व्यवस्थापनाने ओळखले आणि त्यानुसार संयम, निगा व पाठबळ यांची व्यवस्था केली, हे त्या यशाचे मर्म होय, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्याचबरोबर या धोरणाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागली नाही, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : बेसबॉल, अटलांटा ब्रेव्हज, पिचर, पुनर्बांधणी, क्रीडा इतिहास, संस्थात्मक संयम.

प्रस्तावना

क्रीडा इतिहास ही इतिहासाची तुलनेने नवी शाखा आहे. आपल्याकडे या शाखेतील लेखन प्रामुख्याने क्रिकेट, कुस्ती व हॉकी या खेळांभोवती फिरते. परदेशातील खेळांचा विचार झालाच, तर तो विक्रम व विजेते यांच्यापुरता मर्यादित राहतो. परंतु एखादा क्रीडासंघ ही सुद्धा एक संस्था असते. तिला मालक, प्रशासक, प्रशिक्षक, कर्मचारी व आश्रयदाते असतात. तिचे उत्कर्ष-अपकर्ष होतात आणि अपकर्षाच्या काळात तिला काही कठीण निर्णय घ्यावे लागतात. त्या निर्णयांचा अभ्यास हा संस्थांच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

पराभूत संघाची पुनर्बांधणी दोन मार्गांनी होऊ शकते. नामवंत व अनुभवी खेळाडू विकत घेणे हा पहिला मार्ग. तरुण खेळाडू निवडून, त्यांना घडवून, त्यांच्या परिपक्वतेची वाट पाहणे हा दुसरा मार्ग. पहिला मार्ग खर्चिक असला तरी झटपट फळ देणारा वाटतो. दुसऱ्या मार्गात वाट पाहावी लागते आणि वाट पाहण्याच्या काळात हार पत्करावी लागते. अटलांटा ब्रेव्हज संघाने १९८५ नंतर हा दुसरा मार्ग निवडला, तोही बेसबॉलमधील सर्वांत बेभरवशाच्या घटकावर, म्हणजे तरुण पिचरच्या हातावर, विसंबून.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अटलांटा संघाच्या पुनर्बांधणीचे टप्पे स्पष्ट करणे.
२. तरुण पिचरांच्या यशामागील संस्थात्मक कारणांचा शोध घेणे.
३. समान धोरण स्वीकारणाऱ्या अन्य संघांशी तुलना करून या यशाच्या मर्यादा दाखविणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. हंगामनिहाय जय-पराजयाची नोंद, खेळाडूंची वैयक्तिक कामगिरी आणि खेळाडूंच्या निवडी व अदलाबदलीचा तपशील हा विवेचनाचा आधार आहे. अभ्यासाची व्याप्ती १९८५ ते १९९५ या दशकापुरती आहे. पुढील काळातील घटनांचा उल्लेख परिणाम स्पष्ट करण्यापुरताच केला आहे.

१. पिचरचे स्थान आणि पराजयाची नोंद

क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकाला पिचर म्हणजे गोलंदाज असे वाटणे स्वाभाविक आहे. हे साम्य खरे असले तरी अपुरे आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजीचा भार चार-पाच जण वाटून घेतात आणि एका षटकानंतर गोलंदाज बदलावाच लागतो. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर एकटाच सलगपणे चेंडू टाकत राहतो. नऊ डावांच्या सामन्यात त्याने सहा, सात किंवा संपूर्ण नऊ डाव सांभाळावेत, अशी त्या काळात अपेक्षा असे. सुमारे साडेअठरा मीटर अंतरावरून, उभ्या जागेवरून, पूर्ण ताकदीने शंभर-सव्वाशे चेंडू टाकल्यानंतर त्याला चार दिवसांची विश्रांती मिळते आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरतो. एका हंगामात १६२ सामने असल्याने संघाला असे चार-पाच पिचर लागतात. खांदा व कोपर यांवर पडणारा ताण हा या व्यवसायाचा अटळ भाग आहे.

याहूनही महत्त्वाचा फरक नोंदीचा आहे. क्रिकेटमध्ये सामना संघ हरतो. कोणत्याही गोलंदाजाच्या नावापुढे पराजय लिहिला जात नाही. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक सामन्याचा विजय एका पिचरच्या आणि पराजय दुसऱ्या पिचरच्या नावावर नोंदविला जातो. त्याच्या संघातील फलंदाजांनी एकही धाव केली नाही, तरी पराजयाचा धनी पिचरच ठरतो. क्षेत्ररक्षणातील उघड चुकांमुळे झालेल्या धावा त्याच्या धावसरासरीतून, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावांच्या सरासरीतून, वगळल्या जातात. परंतु जो चेंडू चपळ क्षेत्ररक्षकाने अडविला असता आणि मंद क्षेत्ररक्षकाच्या बाजूने निसटला, तो चूक म्हणून नोंदला जात नाही. त्याचा भार पिचरवरच पडतो.

या नोंदपद्धतीचा अर्थ पुनर्बांधणीच्या संदर्भात गंभीर आहे. दुबळा संघ जेव्हा तरुण पिचरला मैदानात उतरवितो, तेव्हा संस्थेच्या अनेक वर्षांच्या उणिवा त्या तरुणाच्या वैयक्तिक खात्यावर जमा होऊ लागतात. ते खाते प्रशासन कसे वाचते, यावर पुढील सर्व काही अवलंबून असते.

२. १९८५ पूर्वीचे धोरण

ब्रेव्हज संघ १९६६ मध्ये मिलवॉकीहून अटलांटा येथे आला. १९७६ मध्ये टेड टर्नर यांनी तो विकत घेतला. टर्नर यांच्या दूरचित्रवाणी वाहिनीमुळे संघाचे सामने उपग्रहाद्वारे देशभर दिसू लागले. १९८२ मध्ये संघाने नॅशनल लीगच्या पश्चिम विभागाचे विजेतेपद मिळविले; परंतु हे यश टिकले नाही.

यशाची पुनरावृत्ती व्हावी म्हणून संघाने नामवंत खेळाडूंकडे धाव घेतली. १९८४ च्या डिसेंबरमध्ये ब्रूस सटर या ख्यातनाम पिचरशी दीर्घ मुदतीचा मोठा करार झाला. सटर हा सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात चेंडू टाकणारा पिचर होता. आघाडी राखणे हे त्याचे काम. पण आघाडीच क्वचित मिळणाऱ्या संघाला त्याचा उपयोग मर्यादित होता. त्यातच त्याच्या खांद्याची दुखापत बळावली. १९८७ च्या हंगामात तो खेळूच शकला नाही आणि १९८८ नंतर त्याची कारकीर्द संपली. गच्चीवर कळस चढविण्यापूर्वी पाया पाहावा लागतो, हा साधा धडा या प्रकरणाने दिला.

संघाची हंगामनिहाय स्थिती पुढीलप्रमाणे होती.

तक्ता क्र. १ : अटलांटा ब्रेव्हज, १९८५ ते १९९१
१९८५ : विजय ६६, पराजय ९६
१९८६ : विजय ७२, पराजय ८९
१९८७ : विजय ६९, पराजय ९२
१९८८ : विजय ५४, पराजय १०६
१९८९ : विजय ६३, पराजय ९७
१९९० : विजय ६५, पराजय ९७
१९९१ : विजय ९४, पराजय ६८

पहिल्या सहा हंगामांत मिळून ३८९ विजय व ५७७ पराजय अशी ही नोंद आहे. १९८८ मध्ये संपूर्ण हंगामात घरच्या मैदानावर जेमतेम साडेआठ लाख प्रेक्षक आले. ज्या संघाचे सामने देशभर दिसत होते, त्याच्या स्वतःच्या शहरातील प्रेक्षागार मात्र ओस पडले होते.

३. संख्येचे गणित : तरुणांची निवड

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये बॉबी कॉक्स हे जनरल मॅनेजर म्हणून अटलांटा येथे परतले. १९७८ ते १९८१ या काळात ते याच संघाचे मॅनेजर होते. नंतर त्यांनी टोरोंटो संघाला १९८५ मध्ये विभागीय विजेतेपद मिळवून दिले होते. संघाचे अध्यक्ष स्टॅन कॅस्टन आणि प्रतिभाशोध विभागाचे प्रमुख पॉल स्नायडर यांच्या सहकार्याने त्यांनी मायनर लीगमधील प्रशिक्षण आणि तरुणांची निवड यांवर भर दिला. निवडीत पिचरांना स्पष्ट झुकते माप होते.

बेसबॉलमध्ये दरवर्षी नवोदितांची निवड ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने होते. त्या काळी मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला आधी निवड करता येत असे. हरणाऱ्या संघाला मिळणारी ही एक भरपाई होती. ग्लॅव्हिनची निवड कॉक्स येण्यापूर्वीच, १९८४ मध्ये दुसऱ्या फेरीत झाली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हा डावखुरा तरुण आइस हॉकीतही इतका निपुण होता की, त्याच वर्षी लॉस एंजेलिस किंग्ज या हॉकी संघानेही त्याची निवड केली होती. त्याने बेसबॉल निवडला. त्यानंतर १९८५ मध्ये टॉमी ग्रीन, १९८६ मध्ये केंट मर्कर, १९८७ मध्ये डेरेक लिलिक्विस्ट आणि १९८८ मध्ये स्टीव्ह एव्हरी, अशी सलग चार वर्षे पहिल्या फेरीतील निवड पिचरचीच झाली.

अदलाबदलीतही हेच सूत्र होते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट संघाला विजेतेपदाच्या शर्यतीसाठी अनुभवी पिचर हवा होता. अटलांटाने ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर दिला आणि त्याच्या बदल्यात मायनर लीगमधील २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ घेतला. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी उर्वरित हंगामात नऊ सामने जिंकले व एकही हरला नाही; डेट्रॉइटने विभागीय विजेतेपद मिळविले. त्या क्षणी हा व्यवहार डेट्रॉइटच्या फायद्याचा ठरला, हे नाकारता येत नाही. दोन्ही संघांच्या गरजा वेगळ्या होत्या : एकाला दोन महिने हवे होते, दुसऱ्याला दहा वर्षे.

या सर्व निवडींकडे एकत्रितपणे पाहिल्यास एक बाब लक्षात येते. अटलांटाने एका तरुणावर भिस्त ठेवली नव्हती. तरुण पिचरांपैकी किती जण टिकतील हे सांगता येत नसल्याने त्यांनी अनेक जण जमविले. त्यातील लिलिक्विस्ट १९९० मध्ये दुसऱ्या संघाकडे गेला. ग्रीन फिलाडेल्फियाला गेला आणि तेथे १९९१ मध्ये त्याने प्रतिपक्षाला एकही हिट न देता संपूर्ण सामना जिंकून दाखविला. पीट स्मिथ हा आणखी एक तरुण १९८८ मध्ये १५ सामने हरला. त्याला पुढे दुखापतींनी ग्रासले. शेतकरी जसा पेरणीच्या वेळी न उगवणाऱ्या बियाण्याचाही हिशेब धरतो, तसेच हे गणित होते.

४. पराभवाची वर्षे : १९८८ ते १९९०

१९८८ च्या हंगामात २२ वर्षांच्या ग्लॅव्हिनने ७ सामने जिंकले व १७ गमावले. नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक पराजय त्याच्याच नावावर होते. स्मोल्ट्झने त्याच वर्षी पदार्पण केले. त्याची नोंद २ विजय, ७ पराजय आणि ५.४८ ही धावसरासरी अशी होती. १९९० मध्ये २० वर्षांचा एव्हरी आला आणि ३ विजय व ११ पराजय घेऊन त्याने पहिला हंगाम संपविला. केवळ आकडे पाहणाऱ्याने या तिघांनाही अपयशी ठरविले असते.

व्यवस्थापनाने तसे केले नाही. मॅनेजर बदलले : १९८८ मध्ये चक टॅनर यांच्या जागी रस निक्सन आले आणि १९९० च्या जूनमध्ये निक्सन यांच्या जागी स्वतः कॉक्स मैदानावर उतरले. परंतु या तीन तरुणांना संघातून दूर केले गेले नाही. उलट, १९९० च्या ऑगस्टमध्ये डेल मर्फी या संघाच्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूला फिलाडेल्फियाकडे पाठविण्यात आले. १९८२ व १९८३ अशी सलग दोन वर्षे लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविणाऱ्या मर्फीचे जाणे प्रेक्षकांना रुचणारे नव्हते. मात्र जुन्या काळाचा निरोप घेतल्याची ती खूण होती. त्याच हंगामात डेव्हिड जस्टिस या तरुण फलंदाजाने सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा सन्मान मिळविला.

पराभवाचा काळ हा शिकण्याचाही काळ होता. १९८९ च्या हंगामपूर्व सरावात मैदानावरील चेंडू गोळा करीत असताना ग्लॅव्हिनच्या बोटांत एक चेंडू वेगळ्याच पकडीत बसला. त्या पकडीतून संथ गतीचा, फलंदाजाला चकविणारा चेंडू टाकता येतो, हे त्याच्या ध्यानात आले. प्रचंड वेग नसलेल्या या पिचरचे तेच पुढे मुख्य शस्त्र झाले. त्या वर्षी त्याने १४ सामने जिंकले. आदल्या वर्षीच्या १७ पराजयांनंतर त्याला मायनर लीगमध्ये धाडले गेले असते किंवा दुसऱ्या संघाला दिले गेले असते, तर हा प्रयोग मोठ्या मैदानावर अजमावण्याची संधी त्याला अटलांटामध्ये मिळाली नसती.

५. हाताची निगा : लिओ मॅझोन यांची पद्धती

१९९० च्या जूनमध्ये कॉक्स यांच्यासमवेत लिओ मॅझोन हे पिचिंग प्रशिक्षक म्हणून मुख्य संघात आले. त्यांनी अनेक वर्षे याच संस्थेच्या मायनर लीग संघांत काम केले होते. पूर्वीच्या काळातील नामांकित पिचर व प्रशिक्षक जॉनी सेन यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता.

दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत पिचरने एकदाच सरावाचे चेंडू टाकावेत, असा सर्वसाधारण प्रघात होता. मॅझोन यांनी दोनदा सराव करण्याची पद्धत रूढ केली. मात्र हा सराव पूर्ण ताकदीने करावयाचा नसे. हात मोकळा राहावा, चेंडूवरील ताबा टिकावा आणि ताकद सामन्यासाठी राखली जावी, असा त्यामागील विचार होता. फलंदाजापासून दूरच्या बाजूस, गुडघ्याच्या उंचीवर चेंडू टाकण्याच्या कौशल्यावर त्यांचा विशेष भर होता. वेगापेक्षा नेमकेपणा श्रेष्ठ, ही शिकवण तरुणांना मनगटाच्या जोरावर फलंदाजांना नमविण्याच्या मोहापासून दूर ठेवणारी होती.

१९९१ मध्ये ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ, एव्हरी आणि ३४ वर्षांचा चार्ली लीब्रांट या चौघांनी मिळून १६२ पैकी सुमारे १४० सामन्यांची सुरुवात केली. चौघेही वर्षभर उभे राहिले, हीच त्या हंगामातील मोठी मिळकत होती. लीब्रांटचे स्थानही दुर्लक्षिता येणार नाही. तीन तरुणांच्या सोबत एक अनुभवी माणूस असणे, हे कोणत्याही विभागात नव्या अध्यापकांसोबत एखादा ज्येष्ठ सहकारी असण्यासारखे होते.

६. पाठीमागचे क्षेत्ररक्षण : जॉन शूरहोल्झ यांचे कार्य

१९९० मध्ये अटलांटाची सांघिक धावसरासरी ४.५८ होती. या आकड्याचे दोन अर्थ लावता आले असते. पिचर कमकुवत आहेत, हा पहिला अर्थ. पिचरांच्या मागे उभे असलेले क्षेत्ररक्षक कमकुवत आहेत, हा दुसरा. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये जनरल मॅनेजर झालेले जॉन शूरहोल्झ यांनी दुसऱ्या अर्थाला महत्त्व दिले. ते कॅन्सस सिटी संघातून आले होते आणि त्यांच्या कार्यकाळात त्या संघाने १९८५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली होती.

त्यांनी पिचरांचा ताफा बदलला नाही. तिसऱ्या बेससाठी टेरी पेंडल्टन, पहिल्या बेससाठी सिड ब्रीम आणि शॉर्टस्टॉपच्या जागेसाठी राफाएल बेलियार्ड यांना त्यांनी करारबद्ध केले. तिघेही विश्वासार्ह क्षेत्ररक्षक म्हणून ओळखले जात. शिवाय मैदानाच्या देखभालीकडेही त्यांनी लक्ष पुरविले. खडबडीत जमिनीवर चेंडू अनपेक्षित उसळतो आणि त्याचा फटकाही पिचरलाच बसतो. पुढील हंगामात सांघिक धावसरासरी ३.४९ वर आली. ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ व एव्हरी तेच होते. त्यांचे वय एका वर्षाने वाढले होते आणि त्यांच्या पाठीमागची माणसे बदलली होती. या सुधारणेचे श्रेय या दोहोंत नेमके किती प्रमाणात वाटावे, हे आकड्यांवरून ठरविणे कठीण आहे. परंतु दोन्ही घटक आवश्यक होते, असे म्हणणे सयुक्तिक ठरते.

७. १९९१ चा हंगाम

१९९१ च्या हंगामाच्या मध्यास अटलांटा ३९ विजय व ४० पराजयांसह लॉस एंजेलिस डॉजर्सच्या साडेनऊ सामने मागे होता. स्मोल्ट्झची स्थिती तर बिकट होती : २ विजय आणि ११ पराजय. येथेही व्यवस्थापनाने त्याला दर पाचव्या दिवशी मैदानात उतरविणे थांबविले नाही. त्याला क्रीडा मानसशास्त्रज्ञाचे साह्य मिळाले. हंगामाच्या उत्तरार्धात त्याने १२ सामने जिंकले व केवळ २ गमावले. संघाने उत्तरार्धात ५५ विजय मिळविले. ५ ऑक्टोबर १९९१ रोजी ह्यूस्टनविरुद्ध ज्या सामन्याने विभागीय विजेतेपद निश्चित झाले, तो सामना स्मोल्ट्झने संपूर्ण नऊ डाव टाकून जिंकला.

ग्लॅव्हिनने त्या वर्षी २० सामने जिंकले आणि नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळविला. एव्हरीने १८ विजय मिळविले. पेंडल्टन लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीगच्या अंतिम मालिकेत पिट्सबर्गविरुद्ध एव्हरीने दोन सामन्यांत मिळून सोळाहून अधिक डावांत एकही धाव दिली नाही आणि दोन्ही सामने १–० असे जिंकले गेले. सातवा व निर्णायक सामना स्मोल्ट्झने ४–० असा जिंकला.

वर्ल्ड सिरीजमध्ये गाठ पडली ती मिनेसोटा ट्विन्सशी. तो संघही आदल्या वर्षी आपल्या विभागात तळाला होता. २७ ऑक्टोबर रोजी झालेल्या सातव्या सामन्यात २४ वर्षांच्या स्मोल्ट्झसमोर ३६ वर्षांचा जॅक मॉरिस होता. डेट्रॉइटकडून खेळणारा मॉरिस हा मिशिगन राज्यात वाढलेल्या स्मोल्ट्झचा बालपणीचा आदर्श होता. नऊ डावांत कोणत्याही संघाला धाव करता आली नाही. दहाव्या डावात मिनेसोटाने सामना १–० असा जिंकला. मॉरिसने दहाही डाव एकट्याने टाकले. अटलांटा हरला, परंतु त्या हंगामात एकवीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी संघाच्या मैदानावर हजेरी लावली होती.

१९९२ च्या डिसेंबरमध्ये ग्रेग मॅडक्स या अव्वल पिचरशी संघाने करार केला. सटरच्या कराराशी याची तुलना उद्बोधक आहे. दोन्ही वेळी मोठी रक्कम खर्च झाली. पण १९८४ मध्ये पाया नव्हता, १९९२ मध्ये तो भक्कम होता. २८ ऑक्टोबर १९९५ रोजी क्लीव्हलंडविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ग्लॅव्हिनने आठ डावांत केवळ एक हिट दिली आणि जस्टिसच्या होमरनमुळे सामना १–० असा जिंकून अटलांटाने विजेतेपद मिळविले. सात वर्षांपूर्वी लीगमध्ये सर्वाधिक पराजय नावावर असलेला पिचर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

८. तौलनिक विचार : ओकलंड व न्यूयॉर्क

अटलांटाचे यश हे धोरणाचे अटळ फलित होते काय, हे तपासण्यासाठी अन्य दोन उदाहरणे पाहणे आवश्यक आहे.

ओकलंड संघाने १९७९ मध्ये १०८ सामने गमावले होते. १९८० मध्ये बिली मार्टिन मॅनेजर झाले. रिक लँगफर्ड, माइक नॉरिस, मॅट किओ, स्टीव्ह मॅककॅटी व ब्रायन किंगमन या पाच पिचरांच्या बळावर संघाने त्या वर्षी ८३ सामने जिंकले. मात्र त्यांपैकी बहुतेकांना सामना शेवटपर्यंत एकट्याने टाकावा लागे. संघाने त्या वर्षी असे ९४ सामने नोंदविले. १९८१ मध्ये संघ लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोचला. १९८२ मध्ये ९४ पराजय झाले आणि मार्टिन यांना जावे लागले. पाचांपैकी एकही जण त्यानंतर आपल्या पूर्वीच्या उंचीवर पोचू शकला नाही. येथे पुनर्बांधणी एका वर्षात साधली आणि तीन वर्षांत विस्कटली.

न्यूयॉर्क मेट्स संघाने १९९० च्या दशकाच्या मध्यास जेसन इस्रिंगहाउसेन, बिल पल्सिफर आणि पॉल विल्सन या तीन तरुणांवर भविष्य सोपविले. तिघांचाही मोठा गाजावाजा झाला. परंतु शस्त्रक्रिया व दुखापतींमुळे ते एकत्रितपणे संघाचा कणा कधीच होऊ शकले नाहीत. इस्रिंगहाउसेनने पुढे अन्य संघांकडून अखेरच्या टप्प्यातील पिचर म्हणून दीर्घ कारकीर्द घडविली, हा अपवाद होय.

ओकलंडच्या उदाहरणावरून घाईचा धोका दिसतो. मेट्सच्या उदाहरणावरून नशिबाचा वाटा दिसतो. अटलांटाने पहिला धोका टाळला; दुसऱ्यापासून संख्येच्या आधारे काही अंशी संरक्षण मिळविले.

९. किंमत : स्टीव्ह एव्हरीचे उदाहरण

ग्लॅव्हिन व मॅडक्स यांचा २०१४ मध्ये आणि स्मोल्ट्झचा २०१५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. स्मोल्ट्झच्या कोपरावर २००० मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यातून सावरून तो पुन्हा यशस्वी झाला. कॉक्स व शूरहोल्झ यांनाही अनुक्रमे २०१४ व २०१७ मध्ये हाच सन्मान मिळाला. या मालिकेत एव्हरीचे नाव नाही.

२१ ते २३ या वयात, १९९१ ते १९९३ या तीन हंगामांत, एव्हरीने अंतिम मालिकांतील डाव वगळूनही ६६० हून अधिक डाव टाकले. १९९३ मध्ये त्याने १८ सामने जिंकून केवळ ६ गमावले. त्याच हंगामाच्या अखेरीस त्याच्या काखेजवळच्या स्नायूला दुखापत झाली. १९९५ च्या वर्ल्ड सिरीजमधील चौथा सामना त्याने जिंकला असला, तरी पूर्वीची धार परत आली नाही. १९९६ नंतर तो अटलांटा सोडून गेला. संपूर्ण कारकिर्दीत त्याचे विजय ९६ आहेत. त्यांपैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे ४७, त्या तीन वर्षांतील आहेत.

अतिरिक्त भार हेच या घसरणीचे एकमेव कारण होते, असे सिद्ध करता येत नाही. त्याच संघात, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली ग्लॅव्हिन दीर्घकाळ टिकला. परंतु ज्या वयात ग्लॅव्हिन व स्मोल्ट्झ हरत हरत शिकत होते, त्या वयात एव्हरी जिंकत होता आणि जिंकणाऱ्या पिचरला ऑक्टोबरअखेरपर्यंत विश्रांती नसते. पराभवाच्या वर्षांत संस्थेने संयम दाखविला; विजयाच्या वर्षांत तेवढाच संयम दाखविणे अधिक कठीण होते.

निष्कर्ष

१. अटलांटाच्या पुनर्बांधणीचा आरंभ १९९१ मध्ये झाला नाही. ग्लॅव्हिनची १९८४ मधील निवड आणि कॉक्स यांचे १९८५ मधील आगमन यांपासून तो धरावा लागतो. यशाचे पीक ज्या शूरहोल्झ यांच्या कार्यकाळात हाती आले, त्याची पेरणी आधीच्या प्रशासनाने केली होती. १९९१ ते २००५ या काळात पूर्ण झालेल्या सलग १४ हंगामांत विभागीय विजेतेपद मिळविणाऱ्या या संघाच्या यशाचे मूळ पराभवाच्या वर्षांत आहे.

२. तरुणांची निवड करणे आणि तरुणांना हरू देणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली अनेक संघांनी केली. दुसरी फार थोड्यांना साधली.

३. तरुणांचे अपयश हे त्यांचे वैयक्तिक अपयश आहे की त्यांच्या पाठीमागील व्यवस्थेचे, हा प्रश्न विचारल्यामुळेच १९९० नंतर पिचर न बदलता क्षेत्ररक्षक बदलण्यात आले. अपयशाचे हे अचूक वाचन या पुनर्बांधणीतील निर्णायक बाब ठरते.

४. निगा, संख्या व पाठबळ यांमुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. एव्हरीचे उदाहरण यशोगाथेच्या मुख्य प्रवाहातून वगळले जाते. परंतु त्याशिवाय या इतिहासाचा ताळेबंद पूर्ण होत नाही.

कोणतीही संस्था जेव्हा आपले भवितव्य नवोदितांच्या खांद्यावर सोपविते, तेव्हा त्यांच्या नावावर नोंदल्या जाणाऱ्या अपयशात आपला वाटा किती, हे तिने स्वतःला विचारणे आवश्यक असते. अटलांटाने १९८८ मध्ये हा प्रश्न विचारला, म्हणून १७ पराजयांचा धनी असलेला तरुण पुढे विजेता झाला. १९९३ मध्ये तोच प्रश्न पुन्हा तितक्याच काटेकोरपणे विचारला गेला होता काय, याचे उत्तर एव्हरीच्या ९६ विजयांपैकी ४७ अवघ्या तीन वर्षांत का सामावले, याच्या शोधात दडलेले आहे.